दर आठवी खोली

१

मनाली परब क्षयाने वारली तेव्हा ती वीस वर्षांची होती. त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी तिचे वडील ठाकूरद्वारला माझ्या घरी आले आणि त्यांनी माझ्यासमोर एक छापील अहवाल ठेवला. ते राहत होते त्या चिंचपोकळीच्या खानविलकर चाळीत क्षयाचा एकही रुग्ण नाही, असं त्यात लिहिलं होतं.

"शेवटच्या पानावर तुमचं नाव आहे, म्हणून आलो," ते म्हणाले.

गणपत परब पन्नाशीचे असावेत. गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका टॉवरमध्ये ते लिफ्टवर काम करतात. अंगावर तिथल्याच गणवेशाचा निळा शर्ट होता. डोक्याचं मुंडण केलेलं, केस नुकते परत उगवायला लागलेले.

मी अहवाल उघडला. परळच्या श्रमिक आरोग्य संशोधन केंद्राने दोन वर्षांपूर्वी केलेलं क्षयरोगाचं सर्वेक्षण. सहा चाळी, प्रत्येकीत शहाण्णव खोल्या, त्यातल्या बारा तपासलेल्या. बहात्तर घरांत मिळून फक्त दोन रुग्ण. खानविलकर चाळीसमोर शून्य. आणि शेवटी, आभाराच्या ओळींत, 'नमुना निवडीसाठी मार्गदर्शन : अनुजा टिपणीस'.

मी आयुष्यभर वैद्यकीय महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवलं. सगळ्या घरांत जाणं शक्य नसतं, म्हणून थोडी घरं निवडायची, पण ती अशी निवडायची की त्यांनी न निवडलेल्या घरांबद्दलही खरं सांगावं. एवढंच माझं काम. या सर्वेक्षणासाठी मी पंधरा मिनिटं फोनवर बोलले होते.

"मी काय शिकलेला नाय मॅडम," गणपतराव म्हणाले, "पण शून्य म्हणजे काय ते मला कळतं. आमच्या पॅसेजमध्ये, आमच्याच बाजूला, आज चार जण टीबीच्या गोळ्या खातायत. मनू धरून पाच. मग शून्य आलं कुठून?"

"केंद्रात विचारलंत?"

"परवा गेलो होतो. मोठे डॉक्टर म्हणाले, परब, असा योगायोग होतो कधीकधी." त्यांनी अहवालावर बोट ठेवलं. "चाळीसमोर त्यांचा संध्याकाळचा दवाखाना होता, फुकटचा. ह्या अहवालानंतर बंद केला. पेशंटच नाहीत म्हणे. दिवाळीत मनूला खोकला लागला तेव्हा ती खाली उतरून तिथंच गेली होती. कुलूप बघून परत आली. मग नाक्यावरच्या डॉक्टरनं तीनदा औषधाची बाटली दिली. चौथ्या खेपेला रक्त पडलं."

मी त्यांच्यासमोरच केंद्रात फोन लावला. उन्मेष तिथला आकडेवारी सांभाळणारा. मी त्याला नमुना निवडीची मूळ फाइल काढून ठेवायला सांगितली. तो कपाटापाशी गेल्याचा आवाज आला. मग कागद चाळल्याचा.

"मॅडम, फाइल नाहीये," तो म्हणाला. "परवा सकाळी होती. मी स्वतः पाहिली होती."

२

कपाटाच्या तीन चाव्या होत्या. एक केंद्राचे प्रमुख डॉ. हितेंद्र वाळिंबे यांच्याकडे, एक उन्मेषकडे, तिसरी दुर्गा घाग यांच्याकडे. दुर्गाताई क्षेत्रकामाच्या प्रमुख. चाळीत घरोघर जाणाऱ्या मुलींना कामाला लावणं, त्यांच्यावर लक्ष ठेवणं हे त्यांच्याकडे.

हितेंद्र माझा विद्यार्थी. त्याने माझ्यासाठी खुर्ची पुढे केली, चहा मागवला.

"एका मृत्यूवरून अख्खं सर्वेक्षण खोटं ठरवायचं का मॅडम? तुम्हीच शिकवलंत ना, एका घरावरून चाळ ओळखू नये."

"एक घर नाही. एका बाजूला पाच."

"नंतर झाले असतील. दोन वर्षं झाली." तो खिडकीबाहेर बघत होता. "फाइल सापडेल. इथं कागद इकडचे तिकडे होतात."

मी उन्मेषला बाजूला घेतलं. सत्तावीस-अठ्ठावीसचा मुलगा, नखं कुरतडत होता.

"प्रत्येक चाळीत दर आठवी खोली घ्यायची, असं ठरलं होतं," मी म्हटलं. "सुरुवात कुठून करायची ते एक ते आठ आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकून काढायचं. तुम्ही तिघांनी एकत्र बसून. चिठ्ठ्या कोणी काढल्या?"

तो पुन्हा नख कुरतडू लागला.

"उन्मेष, चिठ्ठ्या तुझ्यासमोर निघाल्या का?"

"नाही मॅडम. सर दिल्लीला होते. मी दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये अडकलो होतो. एका सकाळी टेबलावर कागद होता, सहा चाळी आणि सहा आकडे. मी कॉम्प्युटरला घातले. कोणी ठेवला ते विचारलं नाही."

"चाळी पाहिल्या आहेस?"

"कधीच नाही. भाडेवसुलीच्या याद्या आल्या होत्या. त्यात नुसते खोल्यांचे नंबर, एक ते शहाण्णव."

"दुर्गाताई कुठे आहेत?"

"रजेवर. तीन आठवडे होत आले. एकदाही इकडे आल्या नाहीत, फोनही उचलत नाहीत."

तीन आठवडे. मनाली परबला जाऊन वीस दिवस झाले होते.

निघताना मी अहवालाच्या परिशिष्टात निवडलेल्या खोल्यांची यादी पाहिली. खानविलकर चाळ : तीन, अकरा, एकोणीस, सत्तावीस, पस्तीस... परबांच्या खोलीचा चौतीस नंबर त्यात नव्हता. आठ-आठच्या उड्या बरोबर होत्या. गणितात चूक नव्हती. तरी त्या आकड्यांकडे बघताना मला काहीतरी खटकत होतं, आणि काय ते हाती लागत नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खानविलकर चाळीत गेले. दोन वर्षांपूर्वी जायला हवं होतं.

मधोमध लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या. पहिल्या मजल्यावर चढून मी चौतीस नंबर शोधू लागले. डावीकडे पंचवीस, सत्तावीस, एकोणतीस. ती दारं उघडी होती, आतून ऊन पॅसेजमध्ये आलं होतं. उजवीकडे सव्वीस, अठ्ठावीस, तीस. तिकडे दिवसाढवळ्या ट्यूब पेटलेल्या.

मनूची आई सुभद्रा खाली बसून तांदूळ निवडत होती. मला पाहून उठायला गेली, मी तिला बसवलं. खोलीला एक खिडकी होती आणि तिच्यावर पुठ्ठा ठोकलेला होता.

"उघडत नाही का हो?"

"उघडून काय बघूचा? पलीकडे गोदामाची भिंत. मध्ये दोन हात बोळ. घाण येता, घुशी येतत." तिने मान हलवली. "वारो त्या समोरच्यांका. आमका ट्यूब."

भिंतीवर दोन फोटो होते. एक मनूचा, कॉलेजच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला. दुसरा एका म्हाताऱ्याचा.

"हे सासरे, रमाकांत परब," सुभद्रा म्हणाली. "दीड वर्षापूर्वी गेले. लय खोकायचे. गिरणीत कापसाची धूळ खाल्लेली, तो खोकलो म्हणून कोणी मनावर घेतला नाय. मनू त्यांच्या बाजूक झोपायची. आजोबांका रात्री पाणी द्यायची."

तो खोकला धुळीचा नव्हता. सर्वेक्षण झालं तेव्हा रोग या खोलीत होता, आणि तो मनूला झालेला नव्हता.

"सर्वेक्षणवाल्या मुली तुमच्याकडे आल्या होत्या का?"

"आमच्याकडे नाय आल्या. समोर येत होत्या, दोन पोरी. एकदा ह्या दारात पाणी मागूक आल्या तर त्यांच्या बाईनी लांबसून हाक मारली. 'तिकडे नाही, इकडे या.' मी तांब्यो भरून उभी होती. तशाच गेल्या."

बाहेर येऊन मी पॅसेजच्या मधोमध उभी राहिले. एका हाताला सगळे विषम नंबर, रस्त्याची बाजू, ऊन. दुसऱ्या हाताला सगळे सम, बोळाची बाजू, भिंत. काल काय खटकलं होतं ते तेव्हा कळलं. तीन, अकरा, एकोणीस, सत्तावीस. विषम संख्येत आठ मिळवले की विषमच येते. कितीही वेळा मिळवा. तीनपासून निघालेला माणूस आठ-आठच्या उड्या मारत तिसऱ्या मजल्यापर्यंत जाईल, पण बोळाकडच्या एकाही दाराला त्याचा हात लागणार नाही.

उडी सातची असती तर तो आपोआप एकदा इकडे, एकदा तिकडे गेला असता. किंवा दोन्ही बाजूंचे दोन गट करून प्रत्येकातून वेगळ्या चिठ्ठ्या काढल्या असत्या तर हा प्रश्नच आला नसता. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हेच शिकवत असे. यादीत काही ठरावीक क्रम लपलेला नाही ना, ते आधी जाऊन बघा.

आठचा आकडा माझा होता. शहाण्णवला बारा, म्हणजे आठ. फोनवर, भाजी चिरता चिरता.

४

तरी हे नुसतं दुर्दैव असू शकत होतं. चाळीच्या जिन्यात बसून मी सहाही चाळींचे आकडे तपासले. पाच चाळींत निवडलेल्या सगळ्या खोल्या विषम होत्या. सहावी लालबागची राऊळ बिल्डिंग. तिथे सुरुवात चारपासून, सगळ्या सम.

ती सहावी बघून मला बरं वाटलं, हे कबूल करते. सहा नाणी उडवली आणि त्यांतली पाच किंवा सगळी एकाच ठरावीक बाजूवर पडली, असं दर नऊ-दहा खेपांत एकदा होतं. कोणी मुद्दाम विषम आकडे निवडले असते तर राऊळ बिल्डिंगला चार कशाला घेतला असता? म्हणजे लबाडी कोणी केली नव्हती. चूक फक्त आठची, म्हणजे माझी. ती मी सोसली असती.

पण एकदा न बघता बोलण्याची किंमत कळली होती. मी तिथून चालत लालबागला गेले.

राऊळ बिल्डिंगच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत बसले होते. मी त्यांना विचारलं, "चार नंबर कुठल्या बाजूला?"

"रस्त्याच्या. नवीन आहात काय? बाकी सगळ्या चाळींत विषम नंबर रस्त्याकडे, आमच्याकडे उलटे. मालकाने स्वतःची दोन नंबरची खोली हवेशीर हवी म्हणून सम सगळे पुढे घेतले. पोस्टमन अजून चुकतो."

मी वर जाऊन पाहिलं. सम खोल्यांत ऊन होतं, विषम खोल्यांच्या खिडक्यांना भिंत.

आता सहापैकी सहा. चौसष्टात एकदा घडणारी गोष्ट, आणि तीही अशी की अपवादसुद्धा त्याच बाजूला झुकलेला. निवड करणाऱ्याला आकड्यांशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला फक्त बोळाची बाजू टाळायची होती. आणि राऊळ बिल्डिंगचे नंबर उलटे आहेत हे कुठल्याही यादीत नव्हतं. ते जिना चढलेल्या माणसालाच माहीत असणार.

हितेंद्र चाळीत गेलेला नव्हता. उन्मेषही नाही. मुली दोन होत्या, स्पृहा आणि सुरुची, पण अहवालाप्रमाणे यादी तयार झाली त्याच्या आठ दिवसांनी त्या कामावर रुजू झाल्या.

राहिलं एकच माणूस.

५

स्पृहा आता दादरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. दुपारच्या सुट्टीत ती खाली आली. दुर्गाताईंचं नाव काढताच तिचा चेहरा उजळला.

"त्या आम्हाला आईसारख्या होत्या मॅडम. डबा खाल्ला का, पाणी प्यायलीस का, सारखं विचारायच्या."

"मास्क देत होते तुम्हाला?"

"ते निळे, कापडासारखे. टीबीला त्यांचा काही उपयोग नसतो ना? दुर्गाताईंनी एन-९५ साठी तीन वेळा अर्ज केला होता. लेखी. मीच टाइप करून दिला होता तिसरा. त्या म्हणायच्या, सगळं फाइलला लागलं पाहिजे."

"कुठल्या फाइलला?"

"सर्वेक्षणाच्याच. खोल्या निवडल्या त्या."

"त्यांना एवढी काळजी का होती, स्पृहा?"

"आधीच्या एका सर्वेक्षणात त्यांना स्वतःला झाला होता टीबी. साध्या गोळ्यांना न जुमानणारा. त्यांच्यापासून मुलीला झाला, प्रितीला. अकरा वर्षांची होती. इंजेक्शनं द्यावी लागली. ती वाचली, पण त्या इंजेक्शनांनी तिचे कान गेले. आता काहीच ऐकू येत नाही."

मी तिथून परळला गेले. फाइल कोणी नेली ते मला कळलं होतं, आणि ते वेगळंच माणूस होतं.

हितेंद्रच्या खोलीचं दार मी आतून लावलं.

"फाइल दे, हितेंद्र."

"मॅडम, मी म्हटलं ना..."

"ऐक. खोल्यांचे आकडे ज्याने फिरवले त्याला फाइल चोरून काय मिळणार? आकडे अहवालात छापलेत. ते दोन वर्षं सगळ्यांसमोर आहेत. आणि फाइलही दोन वर्षं जागेवर होती. ती गेली कधी? चार दिवसांपूर्वी. त्या सकाळी उन्मेषने पाहिली, मग गणपत परब तुला भेटून गेले, आणि मग ती नव्हती. दुर्गाताई तीन आठवडे इकडे फिरकलेल्या नाहीत. परब आल्याचं उन्मेषला माहीतही नव्हतं. फाइलमध्ये तुझं काहीतरी होतं."

त्याने खणाला चावी लावली. तांबडी फीत बांधलेली फाइल त्याने टेबलावर ठेवली आणि तोंड फिरवलं.

तीन अर्ज होते. पहिल्यावर त्याचा शेरा : 'नंतर पाहू.' दुसऱ्यावर : 'कोविड संपला. सध्या गरज वाटत नाही.' तिसऱ्यावर नुसती सही.

"मला वाटलं, कोणी विचारलं तर..." तो म्हणाला. "मी कोणाला मारायला निघालो नव्हतो मॅडम."

"नाही," मी म्हटलं. "आपण कोणीच निघालो नव्हतो."

६

दुर्गाताईंची खोली लालबागला. दार त्यांच्या मुलीने उघडलं. सतरा-अठरा वर्षांची, उंच. माझ्या ओठांकडे बघत होती. मी नाव सांगितलं तसं तिने आत जाऊन आईच्या खांद्याला हात लावला.

दुर्गाताई बाहेर आल्या. मला बघून त्यांनी खुर्चीवरचे कपडे उचलले, माझ्यासाठी खुर्ची पुसली आणि स्वतः जमिनीवर बसल्या.

"वाटलंच होतं कोणीतरी येईल," त्या म्हणाल्या. "लवकर का नाही आलात?"

"मीही दोन वर्षं उशीर केला."

मी माझा आठचा आकडा त्यांना समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं.

"ते मला माहीत होतं, मॅडम. शाळा सातवीच झाली, पण आठ-आठने मोजलं की बाजू बदलत नाही हे बोटांवर कळतं. म्हणून तर जमलं."

"चिठ्ठ्या टाकल्याच नाहीत का?"

"टाकल्या. पहिल्यांदा खऱ्याच टाकल्या. तीन चाळींना आपोआप रस्त्याची बाजू आली, देवाला नमस्कार केला. तीन ठिकाणी बोळाची आली. ती मी बदलली." त्या हाताच्या रेषांकडे बघत होत्या. "त्या पोरी आठवड्याभरात येणार होत्या, मॅडम. एक बावीसची, एक एकवीसची. बोळाकडच्या खोल्यांत काय आहे ते मला ठाऊक होतं. दार लावून माणसं खोकत असतात. तिथं अर्धा अर्धा तास बसायचं, बेडका गोळा करायचा, तोंडाला तो निळा कागद बांधून. मी प्रितीकडे बघायची आणि वाटायचं, अजून दोघींचं हे नाही करायचं. मास्क आले असते तर मी स्वतः पुढे गेले असते. तीनदा मागितले."

"माझ्याकडे यायचं होतं."

"तुमचा नंबर कुठे होता माझ्याकडे? तुम्ही नुसतं नाव होतात."

मी मान डोलावली.

"मला वाटलं, ह्या वर्षी रस्त्याकडचं होऊ दे. मास्क आले की बोळाकडचं करून घेऊ. दवाखाना बंद होईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. शून्य आलं की डॉक्टर खूश होतील असंच वाटलं."

"खानविलकर चाळीला पहिली चिठ्ठी कितीची निघाली होती?"

त्यांनी मान वर केली नाही.

"दोनची. ती परत डब्यात टाकली. मग तीनची काढली."

दोन, दहा, अठरा, सव्वीस. मी पुढचा आकडा मनातही उच्चारायला घाबरले.

"मोजताय ना?" दुर्गाताई म्हणाल्या. "मनू गेल्याचं चाळीतून कळलं त्या दिवशी मी मोजलं. सव्वीसनंतर चौतीस."

प्रिती आमच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने बघत होती. तिने आईला खुणेने विचारलं, काय झालं. दुर्गाताईंनी तिचा हात धरून ठेवला.

७

गणपतरावांना सांगायला आम्ही दोघी गेलो. मी एकटी जाईन म्हटलं होतं. दुर्गाताई म्हणाल्या, चिठ्ठी माझ्या हातातली होती.

रविवारची सकाळ होती. सुभद्राने चटई घातली. मी आधी माझा भाग सांगितला, मग हितेंद्रचा. गणपतराव मांडी घालून ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "सगळं नीट केलं असतं, तर आमच्या खोलीचा नंबर आला असता का?"

एरवी मी म्हटलं असतं, आठात एक शक्यता. ते खरं आहे, आणि त्यात थोडं सांत्वनही आहे. त्या दिवशी ते सांत्वन माझ्यापाशी नव्हतं.

दुर्गाताई म्हणाल्या, "आला होता. मी परत टाकला." आणि मग सगळं सांगितलं. का ते सांगताना त्यांनी आवाज लहान केला, जणू कारण सांगण्याचा आपल्याला हक्क नाही.

गणपतराव उठले आणि पॅसेजमध्ये जाऊन उभे राहिले. पाठमोरे. निळ्या शर्टाची पाठ हलत होती. सुभद्रा तशीच बसून राहिली. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "म्हाताऱ्याची तपासणी झाली असती?"

"झाली असती," मी म्हटलं.

"आणि मनूची?"

"घरातल्या सगळ्यांची झाली असती."

ती भिंतीला डोकं टेकून रडली. दुर्गाताईंनी पुढे केलेला हात तिने बाजूला सारला. रागाने नव्हे, पण सारला. आम्ही निघालो तेव्हा कोणी थांबा म्हणालं नाही, कोणी जा म्हणालं नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. मी केंद्राच्या विश्वस्तांना आणि महापालिकेच्या आरोग्य खात्याला लेखी कळवलं, की तो अहवाल चुकीचा आहे, आणि कोणाकोणाच्या हातून चुकला. पहिलं नाव माझं घातलं. अहवाल मागे घेतला गेला. हितेंद्रने राजीनामा दिला. दुर्गाताईंना कामावरून काढलं. तीन अर्ज जोडून मी त्यांच्यासाठी भांडले, पण त्या स्वतःच म्हणाल्या, राहू दे. संध्याकाळचा दवाखाना एप्रिलमध्ये परत उघडला.

आणि सहाही चाळींत नव्याने तपासणी ठरली. या वेळी नमुना नाही, चिठ्ठ्या नाहीत. बोळाकडची प्रत्येक खोली. मास्क आधी आले, मुली नंतर. मी रोज त्यांच्याबरोबर जात होते. पहिल्या सहा दिवसांत अठरा रुग्ण सापडले.

खानविलकर चाळीची पाळी आली त्या सकाळी गणपतराव जिन्यात उभे होते. ड्यूटीची पाळी बदलून घेतली होती. माझ्याशी ते बोलले नाहीत. मुलींना म्हणाले, "माझ्या मागून या. माणसं दार उघडत नाहीत."

खरंच उघडत नव्हती. चाळीस नंबरला एका बाईने फटीतूनच सांगितलं, आमच्याकडे कोणी आजारी नाही. आतून खोकल्याचा आवाज आला. बाई आवाज खाली आणून म्हणाली, "भाऊजी, सुरेखाची बोलणी चाललीयत. पोरीचं नाव टीबीच्या यादीत आलं तर कोण करून घेईल?"

गणपतराव दाराला टेकून उभे राहिले.

"वहिनी," ते म्हणाले, "मनूलाही बघायला येणार होते. पुढच्या महिन्यात."

मग कडी सरकल्याचा आवाज झाला. दार उघडलं. आतून एक हडकुळी मुलगी ओढणी सावरत पुढे आली, आणि गणपतरावांनी मुलींच्या हातातली बेडक्याची डबी घेऊन स्वतः तिच्या हातात दिली.